तुमची शेवटची डाएटिशियन

आपा,

गुरुवारी सकाळी मी तुमच्या जेवणाची ऑर्डर रद्द केली. पेशंट गेला की हे काम डाएटिशियनने करायचं असतं, नाहीतर किचनमधून त्याच्या नावाचा ट्रे वॉर्डात येत राहतो. तुमच्या बाबतीत तो प्रश्न नव्हता. चार दिवस तुमच्या नावापुढे ‘तोंडाने काही नाही’ एवढंच लिहिलेलं होतं. तरी ऑर्डर होती आणि ती बंद करावी लागली. कॉम्प्युटर कारण विचारतो. घरी सोडलं, दुसरीकडे हलवलं, पेशंटने नकार दिला, मृत्यू, असे पर्याय येतात. मी शेवटचा निवडला. खाली माझं नाव आपोआप उमटलं, आणि नावापुढे ‘रजिस्टर्ड डाएटिशियन’. ते दोन शब्द मला तुमच्यामुळे मिळाले. तुमच्यामुळेच सहा महिने उशिराही मिळाले.

त्याला आज अकरा दिवस झाले. हॉस्पिटलने तुमच्यावर एक पानभर मजकूर काढलाय. शिक्षण, नोकरीची वर्षं, किती जणांना तयार केलं, सगळं त्यात आहे. फोटो जुना वापरलाय, तुम्हाला आवडला नसता. डिपार्टमेंटच्या शोकसभेत मला बोलायला सांगत होते. मी नाही म्हटलं. तिथे जे बोलायचं असतं ते माझ्याकडे नव्हतं, आणि माझ्याकडे होतं ते तिथे बोलण्यासारखं नव्हतं.

आपली पहिली भेट आठवते का? मी चौतीस वर्षांची होते. जयसिंगपूरच्या कॉलेजातून होम सायन्स करून बारा वर्षं झाली होती. नवऱ्याच्या, प्रशांतच्या कॉन्ट्रॅक्टबरोबर दोह्याला आले, अल सद्दच्या फ्लॅटमध्ये मुलाला मोठं केलं, तो शाळेत रुळला तेव्हा मास्टर्सला नाव घातलं. वर्गात वयाने सगळ्यांत मोठी आणि मार्कांनी पहिली. दोन्हीचं थोडं ओझं आणि थोडा तोरा घेऊन मी प्रशिक्षणासाठी तुमच्या हॉस्पिटलात आले. तुम्ही सगळ्यांसमोर इंग्रजीतून नियम सांगितलेत आणि कॉरिडॉरमध्ये मला गाठून विचारलंत, “जयसिंगपूर म्हणजे सांगलीजवळचं ना गो?”

डोक्याला स्कार्फ, गळ्यात ‘झुबेदा’ लिहिलेलं ओळखपत्र. तुम्ही मराठी असाल असं माझ्या मनातही आलं नव्हतं. “दाभोळच्या खाडीवरची मी,” तुम्ही म्हणालात, “मराठी शाळेत शिकले.” मी खूश होऊन काहीतरी बोलणार, तेवढ्यात तुम्ही म्हणालात की मराठीत बोललं म्हणून इथे सूट मिळत नाही. आणि चालू लागलात.

पहिले दोन आठवडे तुम्ही मला एकाही पेशंटशी बोलू दिलं नाहीत. दुपारी जेवण झालं की परत आलेले ट्रे बघायला उभं करायचात. कोणी काय टाकलं, काय अर्धं खाल्लं, कोणी चिकनचा तुकडा पोळीखाली लपवलाय, कोणाचं दह्याचं झाकण उघडलेलंच नाही कारण हाताला सलाइन आहे. मला ते कामवालीचं काम वाटायचं. मी मास्टर्सला होते, मला प्रोटीनची गरज आणि किडनीचे आकडे तोंडपाठ होते. घरी जाऊन मी प्रशांतला म्हणायचे की या बाई मला खरकटं दाखवतात. तो हसायचा. हे तुम्हाला कधी सांगितलं नाही.

मग मारोतराव आले.

मारोतराव नांदेडकडचे, पंचेचाळिशीचे, बांधकामावर सळ्या बांधायचे आणि बरवा अल बराहाच्या कामगार कँपमध्ये राहायचे. साखरेचा त्रास जुना, आता किडनीही बिघडत चालली होती आणि रक्तात पोटॅशियम वाढलेलं. तुम्ही पहिल्यांदाच एक पेशंट पूर्णपणे माझ्यावर सोपवलात. मी जीव तोडून काम केलं. काय खायचं नाही त्याची यादी केली: टोमॅटो, बटाटा, केळं, पालेभाजी, नारळ, घट्ट डाळ, लोणचं, गूळ, साखर. किती ग्रॅम काय चालेल त्याचा तक्ता केला. मुद्दाम सगळं मराठीत, मोठ्या अक्षरात लिहिलं. त्यांनी तो कागद दोन्ही हातांनी घेतला. मी तुम्हाला त्याची प्रत दाखवली तेव्हा तुम्ही एवढंच विचारलंत की हा माणूस स्वयंपाक कुठे करतो. मी म्हटलं, करत असेल रूमवर. तुम्ही माझ्याकडे बघितलंत आणि प्रत मला परत दिलीत. तुम्ही तेव्हाच मला थांबवायला हवं होतं, आपा. हे मी नंतर तुम्हाला तोंडावर म्हटलं आणि आजही म्हणते. तुम्हाला चूक दिसत होती आणि तुम्ही ती होऊ दिलीत.

महिन्याभराने मारोतराव इमर्जन्सीत आले. कामावर सळ्या बांधता बांधता बसल्या जागी कोलमडले होते. साखर एकदम खाली गेली होती. वजन पाच किलो उतरलेलं. त्यांना भेटायच्या आधीच मी फाइलमध्ये नोंदीचा मसुदा लिहून ठेवला होता की पेशंट दिलेला सल्ला पाळत नाही. मग आपण दोघी त्यांच्या कॉटपाशी गेलो. त्यांनी उशीखालून प्लास्टिकची पिशवी काढली. तिच्यात माझा कागद होता, घडीसुद्धा नीट.

“ताई, तुम्ही सांगितलं तसंच केलं,” ते म्हणाले. “एक बी चुकवलं नाही. पण मेसमधी समद्यात बटाटा नाहीतर टोमॅटो असतंय. मंग नुसता भात खाल्ला.”

सगळा महिनाभर नुसता भात, तोही पोट भरून नाही, कारण भाताचेही ग्रॅम मी लिहून दिले होते. साखरेची गोळी मात्र वेळेवर. तुम्ही त्यांच्याशी अर्धा तास बोलत बसलात. गावाकडे कोण आहे, शिफ्ट किती वाजता सुटते, डबा कोण भरतं, गार खावं लागतं का. मी पलीकडे उभी होते. बाहेर आल्यावर तुम्ही मला नोंद खोडायला लावलीत आणि त्या शुक्रवारी निकालाच्या फॉर्मवर लिहिलंत: अपुरं, पुन्हा करणे.

पुन्हा करणे म्हणजे एक सेमिस्टर पुढे जाणं. प्रशांतचं कॉन्ट्रॅक्ट वाढेल की नाही याचा भरवसा नव्हता. ते संपलं असतं तर माझी डिग्री अर्ध्यावर सोडून आम्हाला परत जावं लागलं असतं. मी तुमच्या केबिनमध्ये आले आणि म्हटलं की कागदावर मी एकही चुकीचा शब्द लिहिलेला नाही, पुस्तक काढून दाखवते. तुम्ही म्हणालात, पुस्तक काढायची गरज नाही, सगळं बरोबरच आहे.

“मग मला नापास कशाला करताय?”

“काय खाऊ नको ते तू लिहिलंस,” तुम्ही म्हणालात. “त्याने वाचलं आणि नाही खाल्लं. काय खाऊ, हे त्याने कोणाला विचारायचं होतं गो?”

मी रागावले. मी म्हटलं, तुम्ही मला थांबवू शकत होतात, एका पेशंटचा महिना तुम्ही माझ्या शिक्षणासाठी वापरलात. तुमचा चेहरा बदलला. तुम्ही हळू आवाजात कबूल केलंत की ते खरं आहे, ती तुमची चूक आहे, आणि ती तुम्ही तुमच्या नावावर लिहून दिली आहे. पण त्याने माझा निकाल बदलत नाही. हा वाद आपण तिथेच सोडला. तो मिटला नाही.

आता जे कधीच बोलले नाही ते. मी तुमच्याविरुद्ध युनिव्हर्सिटीत तक्रार केली होती. दोन पानी पत्र लिहिलं, त्यात तुमची शिकवण्याची पद्धत अपमानास्पद आहे असं म्हटलं, ट्रेचाही उल्लेख केला. मला वाटत होतं तुम्हाला कळणार नाही. रजिस्ट्रेशन झाल्यानंतर वर्षभराने आमच्या कोर्सच्या बाईंनी सहज बोलता बोलता सांगितलं की ते पत्र तेव्हाच तुमच्याकडे उत्तरासाठी आलं होतं, आणि तुम्ही लिहून पाठवलंत की मुलीचं म्हणणं फाइलला लावावं, तिला तो अधिकार आहे, माझा निर्णय मात्र तोच. म्हणजे ते पूर्ण सेमिस्टर तुम्ही ते पत्र वाचून मला शिकवत होतात. मी त्याबद्दल माफी मागितली नाही. आधी माहीत नव्हतं, आणि माहीत झालं तेव्हा तुमची जीभ जड व्हायला लागली होती. नुसतं ऐकून घ्यावं लागेल अशा माणसाची माफी मागणं मला सोपं वाटलं, म्हणून मागितली नाही. हे कारण आहे की सबब, मला नक्की सांगता येत नाही.

त्या सेमिस्टरच्या पहिल्याच शुक्रवारी तुम्ही मला गाडीत घालून बरवा अल बराहाला नेलंत. कँप बॉसची परवानगी तुम्ही आठवडाभर आधी फोन करकरून मिळवली होती. मेसचा आचारी नेपाळी होता. तुम्ही त्याला काही शिकवायला गेला नाहीत. त्याच्या चुलीपाशी उभ्या राहून किती माणसांचं करतो, पहाटे किती वाजता उठतो, भाजी कधी चिरून ठेवतो हे विचारलंत. तासाभराने त्यानेच सुचवलं की मसाला घालायच्या आधी एका माणसापुरती भाजी वेगळी उकडून, पाणी टाकून ठेवायला त्याला जड नाही. डाळीचं वरचं पाणी वेगळं काढता येईल. अंडं उकडून देता येईल. “खलास, हो जाएगा,” तो म्हणाला. मारोतराव शेजारी संकोचून उभे होते. एवढ्या सगळ्यांनी आपल्या डब्यावर बोलावं याची त्यांना लाज वाटत होती. परत येताना तुम्ही गाडी थांबवून इथला दाट करक चहा घेतलात, एक कप माझ्या हातात दिलात, आणि आपण दोघी गाडीत बसून प्यायलो. पुढच्या तपासणीत मारोतरावांचं पोटॅशियम खाली आलं होतं आणि वजन दोन किलोंनी वर. तुम्ही रिपोर्ट माझ्याकडे सरकवलात आणि पुढची फाइल उघडलीत. शाबासकी देण्याची तुम्हाला सवय नव्हती. मलाही ती मागायची नव्हती, पण मी तो कागद दोनदा वाचला.

मास्टर्स झालं, परीक्षा झाली, इथलं लायसन्स आलं आणि मी तुमच्याच डिपार्टमेंटमध्ये लागले. वर्ष बरं गेलं. मग एका मीटिंगमध्ये तुम्ही ‘पोटॅशियम’ म्हणालात आणि ते कोणाला कळलं नाही. तुम्ही परत म्हणालात. तिसऱ्यांदा फळ्यावर लिहिलंत. लोकांना वाटलं दाताचं काही असेल. तुम्ही माझ्याकडे बघितलंत तेव्हा मला समजलं की तुम्हाला आधीपासून संशय आहे.

तपासण्या झाल्या, मोटर न्यूरॉनचा आजार निघाला. तुम्ही मला केबिनमध्ये बोलावून तो वर्गात सांगावा तसा सांगितलात. आधी बोलणं, मग गिळणं, मग श्वास. क्रम पाठ आहे ना, असं विचारलंत. मी हो म्हटलं. मग म्हणालात की तुमची डाएटिशियन मी व्हायचं. मला ते नको होतं. मी हॉस्पिटलच्या साहेबांकडे जाऊन नियमात बसत नाही असं सांगून बघितलं. ते म्हणाले, पेशंटची इच्छा आहे, लेखी आहे.

गिळण्याचा त्रास सुरू होऊन तीन महिने झाले तेव्हा पोटातून नळी घालायची वेळ आली. ती आता घातली तर सोपी, श्वास कमी झाल्यावर घातली तर धोक्याची; हे मला तुम्हीच शिकवलं होतं. अशा पेशंटच्या घरच्यांना समजावताना तुम्हाला मी कितीतरी वेळा ऐकलं होतं. तुम्ही नाही म्हणालात. डॉक्टरांनी समजावलं, तुमच्या यजमानांनी, सलीमभाईंनी हात जोडले, लेकीचं, सनाचं रडून झालं. मग सगळ्यांनी मला पाठवलं. मी फाइल घेऊन अल मुंतझाच्या तुमच्या फ्लॅटवर आले आणि पाऊण तास बोलले. वजनाचा आलेख दाखवला, किती कॅलरी कमी पडतायत ते दाखवलं, सहा महिन्यांनी काय होईल ते सांगितलं. एकही शब्द चुकीचा नव्हता. तुम्ही शांतपणे ऐकलंत. तेव्हा बोलणं जवळजवळ गेलं होतं, तुम्ही फोनवर टाइप करून दाखवायचात. तुम्ही टाइप केलंत, ‘छान मांडलंस. मला काय हवंय ते अजून विचारलं नाहीस.’

मी विचारलं. उत्तर टाइप करायला तुम्हाला बराच वेळ लागला.

तुमच्या आईला गावी पक्षाघात झाला होता. तुम्ही दोह्यात. भाऊ फोनवर विचारायचा, तुम्ही इथून सांगायचात. नाकातून नळी तुम्ही घालायला लावलीत, कारण ते बरोबर होतं. तिच्या पातळ खाण्याचा हिशेब तुम्ही करून दिलात, गावी जाणाऱ्या प्रत्येकाबरोबर पावडरचे डबे पाठवलेत. आई तीन वर्षं जगली. वजनसुद्धा राखलं, तुम्ही लिहिलंत. तुम्ही सुट्टीत गेलात तेव्हा तिने तुमचा हात धरून नळीपाशी नेला आणि ओढ म्हणून खूण केली. तुम्ही तो हात सोडवून घेतलात आणि भावाला सांगितलंत की तिचे हात बांधून ठेवा, नळी निघेल. ‘बांधले त्याने. मी सांगितलं म्हणून. तिला मी एकदाही विचारलं नाही.’ हे तुम्ही सलीमभाईंनाही सांगितलं नव्हतं. मी वाचल्यावर तुम्ही ते पुसून टाकलंत.

मी त्या दिवशी वाद थांबवला. पण आपा, माझं मत बदललं नाही, आणि हे तुम्हाला तेव्हा सांगायला हवं होतं. तुमच्या आईला विचारलं गेलं नाही, तुम्हाला विचारलं होतं. नळी तीच असली तरी गोष्ट वेगळी होती. घेतली असतीत तर कदाचित आणखी एखादं वर्ष सनाजवळ बसला असतात. तुम्ही आईचं प्रायश्चित्त स्वतःच्या शरीरावर घेतलंत असं मला वाटतं. मी चुकत असेन. तुम्ही असतात तर एका ओळीत मला गप्प केलं असतंत, आणि ती ओळ काय असती हे मी गेले अकरा दिवस शोधतेय.

त्यानंतर दर शुक्रवारी मी येत राहिले. डाएटिशियन म्हणून एकच काम उरलं होतं: जे काही तोंडाने जाईल ते आवडीचं असावं आणि श्वासनलिकेत जाऊ नये. सलीमभाई आयुष्यात कधी गॅसपाशी उभे राहिले नव्हते. ते नारळाच्या दुधात भात गाळून घ्यायला शिकले, सुरमईच्या कालवणातला काटा न् काटा काढून ते मऊ वाटायला शिकले. सना त्यात घट्ट करायची पावडर मोजून घालायची, कारण पातळ काहीही तुम्हाला ठसका लावून फुप्फुसात जायचं. “आपा, इज धिस ओके?” असं ती मला विचारायची. मलाही आपाच म्हणायला लागली होती. तुम्ही टेबलाशी बसून तिच्या चमच्याकडे बघायचात, अगदी ट्रे बघायचात तसं.

शेवटचा शुक्रवार. सना फार्मसीत गेली होती, सलीमभाई नमाजला. कालवण गॅसवर होतं, आमसुलं घातलेलं, अजून वाटलेलं नव्हतं. तेव्हा बोटं चालत नव्हती, अक्षरांचा तक्ता धरून मी एकेका अक्षरावर बोट ठेवायचे आणि हो म्हणायला तुम्ही पापणी मिटायचात. तुम्ही ‘पातळ’ हा शब्द लावलात. मी म्हटलं, पातळ नाही देता येणार. तुम्ही परत तोच शब्द लावलात. मी सांगितलं की ठसका लागेल, न्यूमोनिया होऊ शकतो, आता छातीत तो काढून टाकायची ताकद नाही. पापणी मिटली. मग मी विचारलं, भूक लागलीय का? पापणी मिटली.

मी वाटीत वरचा रस घेतला. पावडर घातली नाही. तुमची हनुवटी खाली धरून पहिला चमचा दिला. गेला. दुसरा दिला. तुम्ही डोळे मिटून तो तोंडात बराच वेळ ठेवलात. मग तोंड उघडलंत. तिसऱ्याला ठसका लागला. थोडाच, मी पाठ धरली, थांबला. सना आली तेव्हा मी वाटी धुऊन ठेवली होती. फाइलमध्ये मी काही लिहिलं नाही. रविवारी ताप आला, बुधवारी तुम्ही गेलात. डॉक्टर म्हणाले की हे आज ना उद्या होणारच होतं, रोजच्या लाळेनेही होतं. बरोबर आहे ते. मी पेशंटच्या घरच्यांना हेच सांगते.

तुम्हाला अबू हमूरच्या कब्रस्तानात नेलं तेव्हा मी बायकांबरोबर तुमच्या हॉलमध्ये बसले होते. मला त्यांच्या दुवा येत नाहीत. मी पाणी देत राहिले.

काल मी तुमच्या घरी गेले, वजनाचा काटा परत आणायला; तो डिपार्टमेंटचा होता. सना पावडरचे डबे खोक्यात भरत होती, कुणाला उपयोगी पडतील म्हणून. तिने पाठमोरीच विचारलं, “आपा, अम्मी भुकेली गेली का?”

या प्रश्नाचं उत्तर आम्हाला शिकवलेलं असतं. शेवटी शेवटी शरीर भूक मागत नाही, असं सांगायचं असतं, आणि ते बहुतेक वेळा खरंही असतं. मी तोंड उघडलं आणि ते वाक्य मला म्हणता आलं नाही. मी खाली बसले आणि तिला शुक्रवारचं सगळं सांगितलं. पातळ, भूक, तीन चमचे, ठसका, धुतलेली वाटी. मी लिहून ठेवलं नाही हेही सांगितलं. तिला मला घराबाहेर काढायचं असतं तर मी उठून गेले असते. माझी तक्रार करायची असती तर कुठे करायची ते मी तिला सांगितलं असतं.

तिने हातातलं झाकण डब्यावर लावलं. मग उठली, आतल्या खोलीच्या दाराशी गेली आणि म्हणाली, “अब्बा, बाहेर या. हे तुम्ही पण ऐका.”

सलीमभाई येऊन समोरच्या खुर्चीत बसले. मला सगळं पहिल्यापासून परत सांगावं लागलं. या खेपेला जास्त अवघड गेलं, कारण कालवण त्यांचं होतं. माझं संपल्यावर त्यांनी चष्मा काढला, पुसला, आणि खाली बघत म्हणाले,

“मीठ बरोबर होतं का हो? त्या दिवशी मी चाखलं नव्हतं.”

मीही चाखलं नव्हतं, आपा. तसं मी त्यांना सांगितलं. पण दुसऱ्या चमच्यानंतर तुम्ही स्वतःहून तोंड उघडलं होतंत, तेही सांगितलं. ते दोनदा मान हलवून “बरं” म्हणाले, आणि मग पहिल्यांदाच, माझ्यासमोर, रडले.